अकरा चाळीस

अख्ख्या तालुक्यात हे यंत्र एकच.
काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं, कमरेला पट्टा,
छातीवर पाच चिकट्या, त्यांना पाच वायरी.
चोवीस तास अंगावर बाळगायचं,
आंघोळ करायची नाही,
आणि सोबतच्या वहीत लिहायचं:
किती वाजता, काय करत होता.

देवगडच्या सरकारी दवाखान्यात
मी ते बांधते आणि सोडते.
मधले चोवीस तास माझे नसतात.

धाकू कासले, वय त्रेसष्ट, निवृत्त पोस्टमन.
अक्षर पाकिटावरच्या पत्त्यासारखं स्वच्छ.
सहा दहा: उठलो. सात: पेज जेवलो.
नऊ: घाटी चढलो, दोन हंडे पाणी.
तिथे ठोके ब्याण्णव. चढ आहे, चालायचंच.
अकरा चाळीस: गडग्यावर बसलो.
तिथे एकशे अठ्ठावीस.

काका, अकरा चाळीसला काय केलंत?
"काय एक नाय. बसललंय."
धावलात? भांडलात? कुणी काही बोललं?
"कोण कित्याक बोलतलो? आता तसा काय नाय."
मी पट्टा गुंडाळत राहिले.
मग तेच म्हणाले,
थोरल्या घरचा नातू गाडीतून उतरला, हसला,
पोस्टमन ना तुम्ही, म्हणाला. नमस्कारही केला.
आवाज तेवढा आजोबांचा.

त्या घरी मनिऑर्डर नेली की
पैसे चिऱ्यावर ठेवायचे, मोजून.
सहीला पेन घरातून यायचं,
कासल्यांच्या खिशातलं खिशातच.
एकतीस वर्षं.
"राग कधी इलो नाय," ते म्हणाले,
"हसानच मागे फिरललंय."

डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा, रोज चाला.
वाडीतून रस्ता एकच.
त्या गडग्याच्या कडेने.

मग तोच पट्टा, स्पिरिटने पुसून,
गिर्याच्या जैनब सोलकरला.
सुके बांगडे विकते, दिवसभराचा आलेख सरळ.
पण रात्री रेघ उतरायला हवी,
खाडीतलं पाणी उतरतं तशी,
होड्या चिखलात टेकेपर्यंत.
जैनबची रात्रभर भरतीच.
वहीत फक्त: झोपले.

त्याच दिवशी लेकीसाठी खोली बघायला
कणकवलीला गेली होती, ते बोलता बोलता निघालं.
मालकिणीने पंखा लावून दाखवला,
नळ सोडून दाखवला,
मग नाव विचारलं,
मग पंखा बंद केला.
हे लिहायचं असतं, असं तिला वाटलंच नाही.

केसपेपरवर असतं:
तंबाखू? साखर? वडिलांना त्रास होता?
वडिलांना होता, असं पुष्कळजण सांगतात.
कसला, ते लिहायला जागा नाही.

गुरुवारी एक बागायतदार आले, वय सत्तर.
भले गृहस्थ. दवाखान्याला चार पंखे त्यांनीच दिलेत.
मी चिकट्या लावत होते, ते छताकडे बघत होते.
"याआधी कुणाला लावलं होतं हो हे?"
पेशंटला, मी म्हणाले.
"नाही, तसं नाही," ते हसले,
माझ्या खिशावरची पट्टी वाचली.
"तांबे. कुठले तांबे?"

यंत्र तोवर चालू झालं होतं.
छोट्या पडद्यावर त्यांचे ठोके: बहात्तर.
मुणग्याचे, मी म्हणाले.
गाव सांगितलं की पुढचा प्रश्न
थोडा लांबवता येतो, एवढंच.

माझ्या छातीवर काही बांधलेलं नव्हतं.
ते गेल्यावर कोऱ्या वहीतलं एक पान फाडलं,
लिहिलं: दहा सतरा.
समोर लिहिलं: उभी होते.